तहाच्या दाराशी बसलेल्या बायका

‘लढाई झाली’ आणि ‘तह झाला’ ही दोन वाक्ये शाळेपासून आपल्या कानांवर पडत आलेली आहेत, आणि ती इतकी सरावाची झाली आहेत की, पाऊस झाला किंवा सकाळ झाली असे म्हणावे तितक्याच सहजतेने आपण ती उच्चारतो. वस्तुतः ह्यांपैकी कोणतीही गोष्ट आपोआप होत नाही. लढाई करणारे कोण होते, हे निदान बखरी आणि पाठ्यपुस्तके सांगतात. त्यांचा फौजफाटा, त्यांचे मोर्चे, त्यांचा दारूगोळा ह्यांची तपशीलवार मोजदाद आपल्याला मिळते. परंतु तह कोणी घडवून आणला, ह्या प्रश्नाचा माग तहनाम्याखालच्या सह्यांपाशी येऊन थांबतो, आणि त्या सह्या बहुधा ज्यांनी युद्ध केले त्यांच्याच असतात. ज्यांना युद्ध नको होते, ज्यांनी ते थांबावे म्हणून उन्हापावसात ठाण मांडले, त्यांची सही घेण्याची चाल जगात अजून फारशी पडलेली नाही. पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया ह्या लहानशा देशात २००३ साली जो तह झाला, त्याची हकिकत ह्या दृष्टीने मुळापासून समजून घेण्यासारखी आहे. कारण तो तह ज्यांच्या हट्टामुळे मार्गी लागला, त्या बायका सभागृहाच्या आत नव्हत्या. त्या सभागृहाच्या दाराशी, जमिनीवर बसलेल्या होत्या.

लायबेरियाचा इतिहास इतर आफ्रिकी देशांहून निराळा आहे. अमेरिकेतील गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांची वसाहत म्हणून १८२२ साली त्याचा पाया घातला गेला आणि १८४७ साली ते एक स्वतंत्र प्रजासत्ताक झाले. मात्र समुद्रापलीकडून आलेल्या ह्या मंडळींच्या वंशजांनी शंभराहून अधिक वर्षे राज्यकारभार आपल्याच हाती ठेवला, आणि त्या भूमीवर पूर्वापार राहणाऱ्या जमातींच्या वाट्याला आपल्याच मुलखात परकेपणा आला. १९८० च्या एप्रिलमध्ये सॅम्युएल डो नावाच्या एका सार्जंटाने बंड करून ती सत्ता उलथवली. पण त्याने आपल्या क्रान जमातीला झुकते माप दिले आणि गिओ व मानो जमातींवर सूड उगवला, तेव्हा एका अन्यायाच्या जागी दुसरा अन्याय आला, एवढेच काय ते झाले. १९८९ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी चार्ल्स टेलर हा आपल्या सशस्त्र टोळीसह आयव्हरी कोस्टची सरहद्द ओलांडून देशात शिरला, आणि तेथून पुढे चौदा वर्षे, मध्ये थोडी उसंत सोडली तर, त्या देशाने शांतता अशी पाहिलीच नाही. पहिले यादवी युद्ध १९९६ पर्यंत चालले. १९९७ च्या निवडणुकीत टेलरच राष्ट्राध्यक्ष झाला. १९९९ मध्ये त्याच्याविरुद्ध नव्या बंडखोरांनी दुसरे युद्ध सुरू केले. ज्या देशाची लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास, त्या देशात ह्या दोन युद्धांनी सुमारे अडीच लाख माणसे मारली आणि लक्षावधी लोकांना देशोधडीस लावले.

ह्या युद्धाचे सर्वांत भीषण अंग म्हणजे त्यात लढणारी मुले. टेलरच्या फौजेत अल्पवयीन मुलांची एक स्वतंत्र तुकडी होती आणि तिला ‘स्मॉल बॉइज युनिट’ असेच नाव होते. विरुद्ध बाजूच्या टोळ्यांतही मुलांची कमतरता नव्हती. गावावर हल्ला व्हायचा, आईबापांना डोळ्यांदेखत मारले जायचे, आणि त्याच हल्लेखोरांबरोबर त्या घरातील नऊदहा वर्षांचा मुलगा ओढून नेला जायचा. मग त्याला अमली पदार्थ चारून, हातात बंदूक देऊन, ज्याने त्याचे घर मोडले त्याच नायकाला बाप मानायला शिकवले जायचे. काही मुले ओढून न्यावी लागली नाहीत, ती आपण होऊन गेली; कारण ज्या गावात भात नाही, शाळा नाही आणि उद्याची शाश्वती नाही, तेथे ज्याच्या खांद्यावर बंदूक त्याच्या पोटात अन्न, हा हिशेब लहान मुलालाही समजतो. हिंसक अतिरेकाची कारणे शोधताना आपण विचारप्रणाली आणि धर्मग्रंथ चाळत बसतो, आणि तेही पाहावे लागतेच. परंतु मुलगा हातचा जातो त्याची सुरुवात पुष्कळदा रिकाम्या ताटापासून, अपमानापासून आणि घरात निर्माण झालेल्या पोकळीपासून होते. ही सुरुवात सर्वांत आधी जिच्या ध्यानात येते, ती त्या घरातली आई किंवा आजी असते.

लेमा बोवी ही अशा आयांपैकी एक. युद्ध पेटले तेव्हा ती सतरा वर्षांची, नुकते शालेय शिक्षण संपवून पुढील आयुष्याची स्वप्ने पाहणारी मुलगी होती. युद्धाने तिला निर्वासित केले, आणि पुढे आपली लहान मुले पदरात घेऊन ती समाजसेविकेचे शिक्षण घेऊ लागली. मनरोव्हिया ह्या राजधानीच्या शहरात सेंट पीटर्स नावाचे एक लूथरन चर्च आहे. १९९० च्या जुलैमध्ये तेथे आसऱ्याला आलेल्या सुमारे सहाशे लोकांची सरकारी सैनिकांनी एका रात्रीत कत्तल केली होती. त्याच चर्चच्या आवारात चालणाऱ्या मानसिक आघातावरील उपचारांच्या कार्यात बोवी काम करू लागली, आणि तिच्यापुढे येऊन बसू लागले ते कालपर्यंत बंदूक चालवणारे मुलगे, कोणी पाय गमावलेले, कोणी उद्धट, कोणी रात्री झोपू न शकणारे. प्रथम तिला त्यांचा राग आला असेल तर ते स्वाभाविकच म्हटले पाहिजे. पण त्यांच्या सहवासात हळूहळू तिला हे उमगले की, ही मुले बिघडवण्याचे काम ज्या समाजाने केले, त्याला वळणावर आणण्याचे काम आता त्यांच्या आयांनाच अंगावर घ्यावे लागणार आहे. पुढे तिला एक स्वप्न पडले, आणि त्यात ‘बायकांना गोळा कर आणि शांततेसाठी प्रार्थना कर’ असा आदेश तिला मिळाला, असे ती स्वतः सांगते. आपल्याकडील वारकरी ह्याला दृष्टान्त म्हणेल. ह्या दृष्टान्तामागे मुत्सद्दी वाटावी अशी तयारीही होती, हे मात्र विसरता कामा नये. पश्चिम आफ्रिकेतील स्त्रियांचे शांतताकार्य संघटित करण्यासाठी निघालेल्या ‘विपनेट’ ह्या जाळ्याची लायबेरियातील सूत्रे तिच्याकडे होती आणि लोकसमूहाचे संघटन कसे करावे, ह्याचे रीतसर शिक्षण तिने घेतलेले होते.

प्रार्थनेस प्रथम जमल्या त्या ख्रिस्ती बायका. अशाच एका सभेत असाटू बाह केनेथ नावाची एक मुसलमान पोलीस अधिकारी उभी राहिली आणि आपण मुसलमान बायकांनाही ह्या कार्यात आणू, असे तिने जाहीर केले. आज हे वाचताना सोपे वाटते. पण त्या देशात मँडिंगो ह्या मुसलमान व्यापारी जमातीवर डोचे हस्तक म्हणून शिक्का बसलेला होता, त्यांच्या कत्तली झालेल्या होत्या, आणि दुसऱ्या युद्धातील बंडखोरांच्या फौजेत त्याच जमातीचा भरणा मोठा होता. अन्य धर्मीयांबरोबर प्रार्थना केल्याने आपली श्रद्धा भ्रष्ट होईल, अशी भीती कित्येक ख्रिस्ती बायकांनी बोलून दाखवली. तिला उत्तर म्हणून शास्त्रार्थ कोणी केला नाही. बंदुकीची गोळी समोरच्याचा धर्म विचारून लागत नाही, ही प्रत्येकीच्या अनुभवाची गोष्ट तेवढी एकमेकींना आठवून दिली. मग ठरले असे की, शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर मशिदींपुढे, शनिवारी बाजारात आणि रविवारी चर्चमध्ये जायचे, आणि प्रत्येक ठिकाणी बायकांना एवढेच विचारायचे: हे आणखी किती काळ सोसायचे?

ह्या तीन ठिकाणांमध्ये बाजाराचा समावेश होता, आणि माझ्या मते चळवळीच्या यशाचे मर्म तेथेच आहे. लायबेरियात बाजार हा बायकांचा मुलूख आहे. तांदूळ, कसावा, पामतेल, सुकी मासळी हा सारा व्यवहार त्यांच्या हातातला. युद्धाच्या काळातही त्या डोक्यावर ओझे घेऊन, जेथे मद्यधुंद पोरे बंदुका रोखून उभी असत असे नाके ओलांडून, एका टोळीच्या मुलखातून दुसऱ्या टोळीच्या मुलखात ये-जा करीत, आणि त्या तशा करीत म्हणूनच शहराची चूल पेटत असे. आघाडीची रेषा कोठे सरकली, कोणत्या वाडीत कोण मेले, कोणत्या टोळीत उपासमार सुरू झाली, ह्याची बित्तंबातमी बाजारातल्या बाईला असे. दोन शत्रूंच्या मध्ये जो पूल शिल्लक राहिला होता, तो तिच्या पायांनी टिकवलेला होता.

केनियाच्या ईशान्येस, सोमालियाच्या सरहद्दीकडे, वजीर नावाचा एक कोरडा जिल्हा आहे, तेथील अनुभवही ह्याचीच साक्ष देतो. १९९० नंतरच्या दुष्काळात तेथील सोमाली वंशाच्या कुळांत पाणी आणि चराऊ रान ह्यांवरून रक्तपात माजला, आणि त्याचे विष बाजारात इतके उतरले की, एका कुळाची बाई दुसऱ्या कुळाच्या बाईकडून दूधही विकत घेईना. देखा इब्राहिम अब्दी ही तेथील एक शिक्षिका. तिने आणि तिच्या मैत्रिणींनी प्रथम एवढेच ठरवले की, बाजार सर्वांना खुला राहील, आणि त्यावर देखरेख ठेवायला सर्व कुळांतल्या बायकांची एक समिती बसवली. बाजार शांत झाल्यावर त्या वृद्ध पंचांकडे गेल्या, आणि मोठ्या कुळांनी एकमेकांपुढे नमण्याचा पेच सोडवण्यासाठी सर्वांत लहान कुळाच्या वृद्धांना मध्यस्थीला बसवले. १९९३ साली त्या पंचांमध्ये करार झाला. शांततेची वाटचाल येथे भाजीपाल्यापासून आणि दुधापासून सुरू झाली आणि पंचायतीपर्यंत गेली. ती उलट दिशेने झाली नाही.

लायबेरियातील बायकांनीही २००३ च्या एप्रिलमध्ये ठाण मांडले ते मनरोव्हियाच्या सिंकर भागात, मासळीबाजारापाशी असलेल्या एका मोकळ्या मैदानावर. टबमन बूलेव्हार्ड नावाच्या ज्या हमरस्त्याने टेलरच्या मोटारींचा ताफा रोज जात-येत असे, त्या रस्त्यावरून हे मैदान स्पष्ट दिसे. जागा निवडताना हाच हिशेब होता. सर्वांनी पांढरे कपडे घातले, अंगावर दागिना ठेवला नाही, केस साध्या पांढऱ्या फडक्याने बांधले. ख्रिस्ती कोण, मुसलमान कोण, शिकलेली कोण, अडाणी कोण, कोणत्या जमातीची कोण, हे दुरून ओळखता येईना, आणि ते येऊ नये हाच त्या पांढऱ्या रंगाचा हेतू होता. त्यांची मागणी अगदी थोडक्यात होती: तत्काळ आणि बिनशर्त शस्त्रसंधी, दोन्ही पक्षांत बोलणी, आणि देशात शांतिसेना. कोणाचे राज्य असावे, कोणाला मंत्रिपद द्यावे, ह्या प्रश्नांना त्यांनी हात घातला नाही. पश्चिम आफ्रिकेचा पावसाळा सुरू झाला, तरी त्या हलल्या नाहीत. उन्हात भाजत आणि पावसात भिजत त्या रोज सकाळी येऊन बसत राहिल्या.

शेवटी २३ एप्रिल रोजी टेलरने त्यांना भेटीची परवानगी दिली. बोवीला सर्व बायकांच्या वतीने निवेदन वाचायचे होते. परंतु ज्याच्या तोंडाकडे पाहायचीही लोकांना धास्ती वाटे, त्या राष्ट्राध्यक्षाला ते उद्देशून न वाचता, तेथे उपस्थित असलेल्या सीनेटच्या हंगामी अध्यक्षा ग्रेस मायनर ह्यांच्याकडे वळून तिने ते वाचले, आणि एका बाईने बायकांचे म्हणणे राष्ट्राध्यक्षाच्या कानी घालावे, अशी विनंती केली. दरबारी रिवाजाचा भंग न करता दरबारालाच आरसा दाखवण्याची ही रीत होती. टेलरने वाटाघाटींना जाण्याचे कबूल केले. बंडखोरांचे पुढारी सिएरा लिओनमध्ये आले होते. त्यांच्याकडे बायकांचे दुसरे पथक गेले, आणि त्यांचीही कबुली मिळाली. ज्या बाईने एकाच पक्षाला दोष दिला असता, तिला ही दोन्ही दारे उघडता आली नसती.

वाटाघाटी घाना देशात ४ जून रोजी सुरू झाल्या, आणि त्याच दिवशी सिएरा लिओनच्या युद्धातील अत्याचारांबद्दल टेलरवर विशेष न्यायालयाने आरोपपत्र जाहीर केल्यामुळे तो घाईने मायदेशी परतला. त्याचे प्रतिनिधी आणि बंडखोरांचे नायक मागे राहिले. पुढचे सहा आठवडे चांगल्या हॉटेलांत राहून, यजमानांच्या खर्चाने जेवून, ही मंडळी बोलणी करीत होती. आणि ती बोलणी मुख्यतः कोणते खाते कोणाला आणि कोणती बंदरे कोणाच्या ताब्यात, ह्याभोवती फिरत होती. इकडे मनरोव्हियावर तोफगोळे पडत होते. जून-जुलैमधील हल्ल्यांना शहरातील लोकांनी पहिले, दुसरे आणि तिसरे महायुद्ध अशी नावे ठेवली होती. घानातील निर्वासितांच्या छावणीतून आलेल्या बायका आणि मायदेशाहून आलेली त्यांची पुढारी मंडळी सभागृहाबाहेर रोज बसत होत्या. जुलैच्या उत्तरार्धात एके दिवशी शहरातील बळींची बातमी आली तेव्हा त्यांचा धीर सुटला. त्या सभागृहाच्या दाराशी आल्या, हातांत हात गुंफून दाराला पाठ लावून बसल्या, आणि त्यांनी आत निरोप धाडला की, तह होईपर्यंत कोणालाही बाहेर पडता येणार नाही. आपल्या माणसांना जे अन्नपाणी मिळत नाही, ते ह्या मंडळींनाही आज मिळू नये.

रखवालदार बोवीला अटक करायला आले. तेव्हा तिने जे केले, त्याचा अर्थ पश्चिम आफ्रिकेतील लोकरीत समजल्यावाचून कळणार नाही. ती उभी राहिली आणि आपण स्वतःच आपली वस्त्रे उतरवतो, असे म्हणून डोक्यावरचे फडके सोडू लागली. त्या मुलखात विवाहित किंवा वयस्क स्त्रीने संतापाने आपणहून नग्न होणे हा पाहणाऱ्या पुरुषांवर पडणारा भयंकर शाप मानला जातो. जिने जन्म दिला तिने तो परत घेतल्यासारखेच ते असते. रखवालदार मागे हटले. वाटाघाटींचे मध्यस्थ, नायजेरियाचे माजी लष्करी राज्यकर्ते जनरल अब्दुलसलामी अबूबकर बाहेर आले आणि त्यांनी बायकांची बाजू घेतली; त्यांना ओलांडून जाऊ पाहणाऱ्या एका नायकाला त्यांनी खडसावून परत आत बसवले. बायका उठल्या त्या मध्यस्थांकडून आश्वासन घेऊनच: प्रतिनिधी बैठकांना नियमाने हजर राहतील, बोलणी गांभीर्याने होतील, आणि तसे न झाल्यास आम्ही पुन्हा येऊ. त्यानंतर बोलण्यांचा सूर पालटला, असे तेथे उपस्थित असलेल्यांनी सांगितले आहे. ११ ऑगस्टला टेलर पद सोडून नायजेरियाला गेला, आणि १८ ऑगस्ट २००३ रोजी घानातील अक्रा येथे तहनाम्यावर सह्या झाल्या.

हे सारे केवळ बायकांमुळे झाले, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. टेलरवरील आरोपपत्र, राजधानीला पडलेला वेढा, शेजारी राष्ट्रांचा आणि अमेरिकेचा दबाव, ही सर्व कारणे एकाच वेळी काम करीत होती. परंतु दबावाने माणूस पद सोडतो. हातातली बंदूक खाली ठेवून शेजाऱ्याबरोबर राहायला तो तेवढ्याने शिकत नाही. बायकांच्या कार्याचे खरे मोल तह झाल्यानंतर दिसून आले.

त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये मनरोव्हियाबाहेरच्या शीफलिन छावणीत शस्त्रे जमा करण्यास सुरुवात झाली. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांच्या अंदाजापेक्षा कितीतरी अधिक लढवय्ये येऊन थडकले, मोबदल्याच्या पैशांवरून दंगा उसळला, गोळीबार झाला, माणसे मेली, आणि काम तहकूब करावे लागले. बंदोबस्त कसा ठेवावा ह्याचा आराखडा कागदावर चोख होता. पण त्या मुलांशी बोलणारे कोणी त्यात नव्हते. तेव्हा त्याच पांढऱ्या वस्त्रांतल्या बायका छावणीत गेल्या. त्यांनी त्या मुलांना बसवले, पाणी दिले, समजूत घातली, आणि आई म्हणून त्यांच्या हातातली बंदूक मागून घेतली. पुढे हे कार्य नव्याने आखले गेले, आणि २००४ च्या अखेरपर्यंत एक लाखाहून अधिक लोकांनी शस्त्रसंन्यास घेतला. सुमारे अठ्ठावीस हजार हत्यारे जमा झाली. शस्त्रे ठेवलेली मुले गावी परतली तेव्हा त्यांना कोणी घरात घेईना, आणि तेथेही मध्यस्थी करायला गावच्या बायकाच पुढे झाल्या. गावोगाव ‘पीस हट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झोपड्या उभ्या राहिल्या. बाँग परगण्यातील टोटोटा येथील झोपडी त्यांतील आद्य म्हणून प्रसिद्ध आहे. जुन्या काळी जेथे पुरुष पंच न्यायनिवाडा करीत, त्या परंपरेचे रूप पालटून तेथे बायका नवराबायकोच्या मारहाणीपासून जमिनीच्या तंट्यापर्यंत सारे ऐकून घेऊ लागल्या. कारण विझलेल्या युद्धातले निखारे अशाच तंट्यांतून पुन्हा फुलतात, हे त्यांना अनुभवाने कळले होते.

२००५ च्या निवडणुकीपूर्वी त्यांनी बाजारातल्या बायकांची नावे मतदार यादीत घालण्यासाठी मोहीम चालवली. बाईला गाळा सोडून नोंदणीला जाता येत नसे, म्हणून कोणी तिचे मूल सांभाळले, कोणी तिचा गाळा राखला. त्या निवडणुकीत एलेन जॉन्सन सरलीफ विजयी झाल्या आणि आफ्रिका खंडातील पहिल्या निर्वाचित स्त्री राष्ट्राध्यक्ष म्हणून १६ जानेवारी २००६ रोजी त्यांनी शपथ घेतली. त्यांच्या आजीही बाजारात बसणाऱ्या होत्या. २०११ चे शांततेचे नोबेल पारितोषिक सरलीफ, बोवी आणि येमेनच्या तवक्कुल करमान ह्या तिघींना विभागून देण्यात आले.

ह्या हकिकतीत आपल्या देशाचाही एक धागा आहे. २००७ च्या जानेवारीत भारताने केंद्रीय राखीव पोलीस दलातील स्त्रियांची एक संपूर्ण तुकडी शांतिकार्यासाठी लायबेरियास रवाना केली. संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासात केवळ स्त्रियांचे असे हे पहिलेच पोलीस पथक. त्याच्या पहिल्या नेतृत्वाचा मान सीमा धुंडिया ह्यांच्याकडे गेला. ह्या सव्वाशेच्या आसपास संख्येच्या पथकाने राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचा बंदोबस्त पाहिला, रात्रीची गस्त घातली, आणि ज्या शहरात गणवेश म्हणजे लूट आणि बलात्कार असे समीकरण लोकांच्या मनात पक्के झाले होते, तेथे गणवेशातील बाई कशी वागते हे रस्त्यारस्त्यावर दाखवले. एकापाठोपाठ एक अशी ही पथके २०१६ पर्यंत तेथे राहिली, आणि त्या काळात लायबेरियाच्या सुरक्षा दलांतील स्त्रियांचे प्रमाण सुमारे ६ टक्क्यांवरून १७ टक्क्यांपर्यंत गेले. अत्याचार झालेली बाई पुरुष शिपायापुढे जी कैफियत मांडायला कचरते, ती ऐकायला दुसरी बाई चौकीत असणे म्हणजे काय, हे ज्यांनी आपल्याकडची पोलीस ठाणी पाहिली आहेत त्यांना समजावून सांगायला नको.

येथे एका गैरसमजाचे निराकरण केले पाहिजे. स्त्री ही स्वभावतःच कोमल, क्षमाशील आणि शांतताप्रिय असते, म्हणून तिने शांततेचे कार्य करावे, असे पुष्कळ सज्जन मनापासून मानतात. लायबेरियाचा दाखला ह्याला अनुकूल नाही. ज्या लाखभर लोकांनी शस्त्रे खाली ठेवली किंवा टोळ्यांतून बाहेर पडले, त्यांत बावीस हजारांच्या आसपास स्त्रिया होत्या. कित्येक ओढून नेलेल्या, कित्येक आपण होऊन गेलेल्या, आणि काही तर निष्ठुर म्हणून नावाजलेल्या नायिका. तेव्हा शांततेचे सामर्थ्य स्त्रीच्या रक्तात शोधण्यात अर्थ नाही. ते तिच्या जागेत आहे. युद्धाचा खर्च रोजच्या रोज तिला चुकवावा लागतो: पाण्याची खेप, तांदळाचा भाव, आजारी मूल, परत न आलेला मुलगा. तिला घरोघरच्या बातम्या असतात आणि दोन्हीकडच्या नात्यागोत्यांत वावरावे लागते. सासर एका जमातीत आणि माहेर दुसऱ्या जमातीत असलेली बाई आपल्या अंगावरच सरहद्द वागवीत असते. आणि सत्तेत वाटा नसल्यामुळे ती कोणाची खुर्ची हिरावील, असा संशय लढणाऱ्यांना येत नाही. ह्या जागेतून जे दिसते, ते तोफखान्याच्या नकाशावरून दिसत नाही.

ही गोष्ट जगाने तत्त्वतः मान्य केली आहे. ३१ ऑक्टोबर २००० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १३२५ क्रमांकाचा ठराव करून शांततेच्या प्रत्येक टप्प्यावर स्त्रियांचा सहभाग असावा, असे जाहीर केले. २०१५ च्या २२४२ क्रमांकाच्या ठरावाने दहशतवाद आणि हिंसक अतिरेक रोखण्याच्या कामाशीही ते जोडले. काही देशांनी ह्या दिशेने चांगली पावलेही टाकली. १६ मे २००३ रोजी मोरोक्कोतील कासाब्लांका शहरात बॉम्बस्फोट करणारे तरुण सिदी मूमेन ह्या दरिद्री वस्तीतून आले होते. त्यानंतर त्या सरकारने धर्मशास्त्राचे शिक्षण देऊन ‘मुर्शिदात’ म्हणजे मार्गदर्शक स्त्रिया तयार केल्या, आणि २००६ साली पन्नास जणींची पहिली तुकडी बाहेर पडली. मशिदीत, तुरुंगात, शाळेत जाऊन त्या बायकांशी आणि तरुणांशी बोलतात, आणि धर्माच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या द्वेषाला धर्माच्याच ज्ञानाने उत्तर देतात. परंतु ह्या मार्गावर एक खड्डाही आहे. मुलगा बिघडत चालला हे आईला प्रथम कळते, तर तिने ठाण्यावर जाऊन वर्दी द्यावी, एवढाच अर्थ काही सरकारे ह्यातून काढतात. आई खबरी झाली की घरातला शेवटचा विश्वास मोडतो, आणि ज्या एका दारातून तो मुलगा परत येऊ शकला असता, ते दार बंद होते. शीफलिनच्या छावणीत मुलांनी बायकांच्या हाती बंदुका दिल्या, त्या ह्या बायका सरकारच्या नव्हत्या आणि बंडखोरांच्याही नव्हत्या म्हणून.

ठराव झाले, तरी खुर्च्या मात्र हलल्या नाहीत. १९९२ ते २०१९ ह्या काळातील प्रमुख शांतता-वाटाघाटी पाहिल्या, तर वाटाघाटी करणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण सरासरी १३ टक्के आणि सह्या करणाऱ्यांत तर ६ टक्केच भरते. अक्रा येथेही स्त्रियांच्या एका प्रादेशिक संघटनेला तहनाम्यावर साक्षीदार म्हणून सही करता आली, ती अपवाद म्हणूनच. लायबेरियाच्या संसदेत त्यानंतरही स्त्रिया अत्यल्पच राहिल्या, आणि बलात्काराविरुद्ध कडक कायदा व स्वतंत्र न्यायालय होऊनही तो गुन्हा त्या समाजातून हटलेला नाही. ज्यांनी दार अडवले त्यांचे आभार मानले गेले, चित्रपट निघाले, पारितोषिके दिली गेली. पण उद्या पुन्हा बोलणी झाली, तर त्यांना खुर्ची मिळेल की पुन्हा दाराशीच बसावे लागेल, ह्याची हमी कोणत्याही कलमात लिहिलेली नाही. ती लिहिली गेली पाहिजे. जो माणूस युद्धाचा खर्च चुकवतो, त्याला शांततेच्या अटी ठरवण्याचा हक्क असला पाहिजे, इतकी साधी ही मागणी आहे.

मासळीबाजारापाशी बसलेल्या त्या बायकांनी तह झाल्याबरोबर मैदान सोडले नाही. कागदावरची शांतता माणसांत उतरेपर्यंत, निर्वाचित सरकार येईपर्यंत, त्यांनी आपली मोहीम चालू ठेवली आणि सुमारे अडीच वर्षांनी ती संपल्याचे जाहीर केले. ह्या काळात कोणी त्यांना विचारले असते की, तह कोणी केला, तर त्यांनी बहुधा सही करणाऱ्यांचीच नावे सांगितली असती. सहीसाठी त्यांचा हट्ट कधीच नव्हता. परंतु आपण मराठी वाचकांनी तरी ह्या बाबतीत आपल्या व्याकरणाला जागावे. आपल्या भाषेत ‘झाला’ आहे, ‘केला’ आहे, आणि त्यांच्याबरोबरच, शाळेत प्रयोजक म्हणून शिकलेले, ‘करवला’ हेही एक क्रियापद आहे. लायबेरियात जे लढत होते त्यांनी तह केला, आणि दाराशी बसलेल्या बायकांनी तो करवला.